गुलमर्गला जोरात बर्फ पडतोय? मग या चुका टाळा

गोव्यातून गुलमर्गला स्कीइंगला निघालेल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: बर्फ भरपूर मिळेल ना? मिळेल हो, पण एका रात्रीत दोन-तीन फूट पडला तर पंचाईत तिथूनच सुरू होते.

बर्फ कोसळत असताना गंडोलाच्या (केबल कारच्या) रांगेत ताटकळू नका. वारा आणि धुके वाढले की कोंगडोरी या मधल्या स्थानकाहून अफरवट डोंगरावर (सुमारे 3,950 मीटर) जाणारा दुसरा टप्पा बंद ठेवतात. शिकाऊंनी तसेही खालच्या उतारांवरच राहावे.

सगळ्यात मोठी चूक होते दुसऱ्या दिवशी. आभाळ निरभ्र, ऊन लख्ख. पाऊस उघडला की घराबाहेर पडायची आपल्याला सवय, पण इथे उघडीप फसवी असते. ताजा थर खालच्या जुन्या थराला अजून नीट धरलेला नसतो, त्यात वारा एका बाजूचा बर्फ उडवून दुसऱ्या बाजूला ढीग घालतो. साधारण 30 ते 45 अंशांच्या उतारावर एका माणसाच्या वजनानेही तो अख्खा थर सुटू शकतो. पहिले एक-दोन दिवस धोका सर्वाधिक. अफरवटवर फेब्रुवारी 2023 मध्ये दोन पोलिश स्कीपटू हिमस्खलनात दगावले. पुढच्याच फेब्रुवारीत गुलमर्गमध्ये एक रशियन. स्की पेट्रोलने (उतारांवरच्या सुरक्षा पथकाने) बंद केलेला उतार म्हणजे जूनमध्ये कळंगुटच्या किनाऱ्यावर लावलेला लाल बावटा. ‘तिकडे कोणाच्या तरी खुणा दिसतात’ हे पलीकडे जायचे कारण होऊ शकत नाही.

आखलेल्या मार्गाबाहेर जायचेच असेल तर स्थानिक गाईड हवा आणि प्रत्येकाकडे बीकन (गाडलेल्याचा ठावठिकाणा सांगणारे सिग्नल यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडे. गाडलेला माणूस पंधरा मिनिटांत सापडला तर ठीक, त्यानंतर जगण्याची शक्यता झपाट्याने घसरते. मदत येईपर्यंत थांबायला वेळच नसतो, सोबत्यांनीच उकरायचे असते. झाडांच्या बुंध्यापासूनही लांब राहा, भोवतीचा बर्फ पोकळ असतो.

आता किरकोळ वाटणारी तक्रार: ‘स्की सारखी निघते.’ भाड्याच्या दुकानदाराशी भांडण्याआधी बुटाचा तळ बघा. तिथे बर्फाची ढेकळे चिकटलेली असतात, त्यामुळे बाइंडिंग (बूट स्कीला अडकवणारी पकड) नीट बसतच नाही. काठीने तळ खरवडा, मग टाच दाबा. पडल्यावर स्की गायब झाली तर खाली धावू नका; ती बहुतेक वेळा पडल्या जागेच्या वरच्या बाजूला रुतलेली असते, काठीने तिथे टोचत शोधा. गॉगल टोपीवर चढवून ठेवायची हौस नको. आत बर्फ शिरतो आणि काच दिवसभर धुरकट राहते. जीन्स तर घरीच ठेवा.

प्रीपेड सिम काश्मीरबाहेरचे असेल तर तिथे चालत नाही, त्यामुळे निदान एकाकडे पोस्टपेड असू द्या. पायथ्याच्या तंगमर्गहून वर येणाऱ्या गाडीच्या चाकांना साखळ्या आहेत का, हे भाडे ठरवतानाच विचारा. आणि श्रीनगर-दिल्ली व दिल्ली-मोपा (गोवा) अशी वेगवेगळी तिकिटे एकाच दिवशी काढू नका. बर्फामुळे पहिले विमान रद्द झाले की दुसऱ्याचे पैसेही जातात. मध्ये एक रात्र ठेवा.