सायबर हल्ल्याखालील नियंत्रण प्रणाली : या चुका टाळा

नियंत्रण कक्षातील पडद्यावर सारे आकडे मर्यादेत आहेत, म्हणून प्रक्रियाही ठीक चालली आहे असे गृहीत धरणे, ही या क्षेत्रातील सर्वांत महागात पडणारी चूक आहे. 2010 मध्ये उघडकीस आलेल्या, इराणमधील युरेनियम समृद्ध करणाऱ्या सेंट्रिफ्यूज यंत्रांवर सोडलेल्या स्टक्सनेट या घातक संगणक प्रोग्रामच्या एका भागाने सेन्सरची 21 सेकंदांची मूल्ये आधी टिपून ठेवली आणि इकडे झडपा बंद करून सेंट्रिफ्यूजमधील दाब वाढवत असताना तीच मूल्ये पुन्हा पुन्हा पुढे पाठवली. अशा पुनर्प्रक्षेपणात मोजलेले मूल्य आणि प्रारूपाने (प्रणालीच्या गणिती नमुन्याने) वर्तवलेले मूल्य यांतील फरक बहुतेक वेळा लहानच राहतो, कारण जुना डेटाही त्याच प्रणालीचा, त्याच स्थिर अवस्थेतला असतो. त्यामुळे केवळ या फरकावर बसवलेला अलार्म वाजत नाही.

यावर उपाय म्हणजे नियंत्रकाच्या आदेशात एक बारीक यादृच्छिक संकेत मिसळायचा आणि त्याचा ठसा सेन्सरच्या मूल्यांत उमटतो की नाही हे पाहायचे. मात्र त्याची किंमत नियंत्रणाच्या अचूकतेत मोजावी लागते. शिवाय हल्लेखोर आदेशही ऐकत असेल आणि त्याच्याकडे प्रणालीचे प्रारूप असेल, तर तो हा ठसाही बनवू शकतो. यादृच्छिक संकेताचे बीज, म्हणजे तो ज्यापासून तयार होतो तो आकडा, प्रक्रिया चालवणाऱ्या पीएलसीमध्येच (यंत्रांना आदेश देणाऱ्या औद्योगिक संगणकात) ठेवणे म्हणजे कुलूप लावून किल्ली दारावरच टांगणे होय.

संशय आल्यास टाकीच्या पातळीचा आलेख जवळून पाहावा. खऱ्या सेन्सरचा शेवटचा अंक सतत थरथरत असतो आणि पंप सुरू होताच पातळीत किंचित लाट उमटते. तोच चढउतार शेवटच्या अंकापर्यंत जसाच्या तसा परत येत असेल, तर तो प्रक्रियेतून येत नाही. येथे घाई मात्र नको. डेटा साठवणारी प्रणाली जागा वाचवण्यासाठी लहान बदल गाळते, आणि त्यामुळे निरोगी आलेखही सपाट दिसतो. म्हणून तपासणी कच्च्या मूल्यांवरच करावी.

दुसरी चूक मोजणीच्या भरवशाची आहे. कोणत्याही क्यू इतक्या सेन्सरनी खोटे सांगितले तरी प्रक्रियेची अवस्था अचूक ओळखायची असेल, तर कोणतेही 2क्यू, म्हणजे त्याच्या दुप्पट, सेन्सर वगळल्यावरही उरलेल्यांवरून ती ठरवता आली पाहिजे. पण समजा तीन सेन्सर लावले आणि त्या तिन्हींची मूल्ये एकाच गेटवेमधून (नेटवर्क जोडणाऱ्या उपकरणातून) येत असतील, तर हल्लेखोराच्या दृष्टीने तो एकच सेन्सर असतो. कागदावरची ही अतिरिक्तता मला फसवी वाटते.

संदेश अडवणाऱ्या हल्ल्याला नेटवर्कमधील नेहमीची गळती (संदेश आपोआप हरवणे) समजणेही चूकच आहे. गळती यादृच्छिक असते, हल्लेखोर मात्र नेमकी नाजूक वेळ निवडतो. शेवटचा आदेश धरून ठेवणे संथ टाकीला चालते, पण अस्थिर प्रणालीला ते घातक ठरू शकते. म्हणून किती वेळ वाट पाहायची हे नेटवर्कच्या वेगावरून नव्हे, तर प्रक्रिया किती वेळात धोक्यात जाते यावरून ठरवावे.

धोका दिसताच प्रक्रिया आपोआप थांबवणारी सुरक्षा प्रणाली वेगळी आहे एवढ्यावर निश्चिंत राहू नये. 2017 च्या ट्रायटन हल्ल्यात सुरक्षा नियंत्रकाची भौतिक किल्ली प्रोग्राम स्थितीत राहिलेली होती, त्यामुळे आत शिरलेल्यांना त्यात कोड भरणे शक्य झाले.

हल्ला लक्षात आल्यावर सर्व काही तात्काळ बंद करणे नेहमीच योग्य नसते, कारण काही वेळा तेच हल्लेखोराला हवे असते. डिसेंबर 2015 मध्ये युक्रेनमधील सुमारे 2,25,000 ग्राहकांचा वीजपुरवठा खंडित झाला, तेव्हा कर्मचाऱ्यांनी उपकेंद्रांत जाऊन ब्रेकर हाताने चालवले आणि काही तासांत पुरवठा परत आणला. आधी जागेवरचा स्वतंत्र मापक पाहावा, प्रक्रिया सुरक्षित अवस्थेत न्यावी आणि नंतर जोडणी तोडावी. पीएलसीमध्ये स्वच्छ प्रोग्राम पुन्हा भरण्यापूर्वी त्यातील आहे तो प्रोग्राम जपून ठेवावा, अन्यथा पुरावाच पुसला जातो.

पुन्हा स्वयंचलित नियंत्रणावर येताना एक गोष्ट हमखास विसरली जाते. खोट्या मूल्यांच्या काळात इंटिग्रेटरमध्ये, म्हणजे नियंत्रकाच्या चुकांची बेरीज करत जाणाऱ्या भागात, चूक साचत राहिलेली असते. ती शून्य न करता किंवा झडपेच्या सध्याच्या स्थितीशी जुळवून न घेता स्विच फिरवला, तर झडप एकदम पूर्ण उघडते आणि हल्ला संपल्यानंतर टाकी ओसंडते.