मूल घराबाहेर पडण्याआधी अभ्यासाचा ताबा त्याच्याकडे कसा सोपवावा

दहावीच्या निकालात कोकण विभाग राज्यात पहिला, ही बातमी दर वर्षीची. अडचण सुरू होते ती त्यानंतर. गावातली शाळा बहुधा दहावीपर्यंतच असते. अकरावीला मूल रत्नागिरी, चिपळूण, कणकवली, कुडाळ गाठतं, नाहीतर थेट डोंबिवलीला काकांकडे. पंधरा-सोळाव्या वर्षी घर सुटतं. तोवर ‘ऊठ’, ‘बस’, ‘वाच’, ‘झोप’ हे कोणीतरी सांगत होतं. आता सांगणारं कोणी नाही. शहरातल्या पालकांना जे काम अठराव्या वर्षापर्यंत लांबवता येतं, ते इथे नववी-दहावीतच उरकावं लागतं. आठवीच्या मे महिन्यात सुरुवात केलीत तर उत्तम. दहावीची दिवाळी उलटून गेली असेल तर पूर्ण कार्यक्रम हाती घेऊ नका, फक्त टोमणे बंद करा. तेवढ्यानेही बराच फरक पडतो.

आधी नियंत्रणाची जात ओळखा

मानसशास्त्रज्ञ ब्रायन बार्बर यांनी १९९६ मध्ये पालकांचं नियंत्रण दोन वेगळ्या गोष्टींत विभागून तपासलं. एक वागण्यावरचं: किती वाजता घरी यायचं, कोणाबरोबर जायचं, मोबाइल कुठे ठेवायचा. दुसरं मनावरचं: अबोला धरणं, उपकार मोजून दाखवणं, ‘शेजारच्या झिलाक बघ, नायतर तू!’, ‘तुझ्यासाठी बाबा तिकडे मुंबईत राबतात आणि तू?’ पहिलं ढिलं पडलं तर मुलं बाहेर भरकटतात. दुसरं वाढलं तर ती आतून खचतात, उदास आणि चिंताग्रस्त होतात. आपल्याकडे बहुतेक घरांत नेमकं उलट असतं. नियम ढिले, आज एक उद्या दुसरा. आणि टोमणे मात्र पक्के, रोजच्या रोज. गडगा बागेभोवती घालायचा असतो, कलमाच्या खोडाला आवळायचा नसतो.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या मांडणीप्रमाणे माणूस आपणहून काम करत राहायचा असेल तर तीन गोष्टी लागतात: हे मी ठरवलं, हे मला जमतंय, आणि माझं माणूस माझ्या बाजूला आहे. मनावरचं नियंत्रण या तिन्हींवर एकदम घाव घालतं. वागण्यावरचे नियम कारण सांगून घातले तर तिन्ही शाबूत राहतात.

आपलं मूल कुठे आहे हे बघायचं तर शांत वेळी विचारा, ‘गणित का करतोस रे?’ उत्तर ‘बाबा ओरडतील’ असेल तर सूत्रं पूर्ण बाहेर आहेत. ‘पॉलिटेक्निकला जायचंय, गणित लागणारच’ हे चांगलं उत्तर. आवड नसली तरी कारण त्याचं स्वतःचं आहे. ‘मजा येते’ म्हणालं तर त्या विषयात हातच घालू नका. फसवं उत्तर एकच: ‘नाही केलं तर कसंतरीच वाटतं.’ असं मूल आज्ञाधारक दिसतं, शिक्षक कौतुक करतात, घरी सगळे निर्धास्त. पण ते अभ्यास करतं ते अपराधीपणातून. मार्क मिळाले की माया आणि नाही मिळाले की थंडपणा, अशा घरांचा आसोर, रॉथ आणि डेसी यांनी २००४ मध्ये अभ्यास केला. तिथली मुलं अपेक्षेप्रमाणे वागत होती, पण आतल्या दडपणाने, आणि आईवडिलांबद्दल मनात राग धरून. वसतिगृहात गेल्यावर अचानक कोसळतात ती बऱ्याचदा हीच ‘गुणी’ मुलं.

पहिला आठवडा: काहीही बदलू नका, फक्त नोंदवा

एक छोटी वही घ्या. चार दिवस, त्यात एक रविवार धरून, मुलाशी अभ्यासाबद्दल जे बोललात त्याची खूण करा. चार रकाने: आज्ञा, आठवण, टोमणा, खरी चौकशी. ‘आज शाळेत काय शिकवलं?’ ही चौकशी. ‘आज तरी काही शिकलास का?’ हा टोमणा, प्रश्नचिन्ह असलं तरी. आजीचे टोमणेही धरा, ते त्याच घरातले आहेत. मुलाला वही दाखवू नका. हा हिशेब तुमचा आहे. टोमणा आणि आज्ञा मिळून निम्म्याहून जास्त भरले तर पुढची पायरी घाईने चढू नका. आधी दोन आठवडे टोमण्याचा रकाना रिकामा ठेवायचा सराव करा.

याच आठवड्यात मुलाचं व्हॉट्सअ‍ॅप चोरून वाचणं थांबवा. स्टॅटिन आणि केर या स्वीडनमधल्या संशोधकांनी २००० मध्ये दाखवलं की पालकांना मुलांबद्दल जे खरंच ठाऊक असतं, त्याचा मोठा भाग मुलांनी आपणहून सांगितलेला असतो. पाळत ठेवून फारसं हाती लागत नाही. चोरून वाचल्याचं कळलं की सांगणंही बंद होतं, म्हणजे होती ती वाटही गेली.

नियम: पाचाच्या वर नकोत

नियम फक्त तीन बाबतींत असावेत: जिवाला धोका, झोप, आणि घरातल्या इतरांना होणारा त्रास. केस कसे कापले, शर्ट कुठला घातला, यावर नियम खर्च करू नका.

जिवाच्या नियमात घासाघीस नाही. पावसाळ्यात समुद्रात किंवा भरलेल्या वहाळात उतरायचं नाही. परवान्याशिवाय गाडी नाही: सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो फक्त पन्नास सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचा, बाकीच्यांना अठरा पूर्ण लागतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड होऊ शकतो. ‘दुकानापर्यंतच तर जातोय’ म्हणून स्कूटरची चावी देणारे आपणच असतो आणि रात्री शिस्तीवर बोलणारेही आपणच.

नियम कसा सांगता यावर तो टिकणं अवलंबून आहे. १९८४ च्या एका प्रयोगात लहान मुलांना रंगवताना पसारा न करण्याचे नियम दोन तऱ्हांनी सांगितले. ‘असंच केलं पाहिजे’ अशा सुरात सांगितलेल्या गटाची चित्रातली गोडी कमी झाली. ‘रंग उडवायला मजा येते हे खरं, पण इथलं सामान पुढच्या मुलांनाही लागणार आहे’ अशा अर्थाने सांगितलेल्या गटाची गोडी टिकली. मर्यादा दोन्हीकडे तीच होती. म्हणून क्रम असा ठेवा: आधी त्याच्या मनातलं बोलून दाखवा, मग कारण, मग नियम, शेवटी त्याच्या हातात एक निवड.

मोबाइलचा नियम घ्या. सकाळची एसटी साडेसहाची, म्हणजे पावणेसहाला उठणं आलं. तेरा ते अठरा वयाला आठ ते दहा तास झोप लागते. आठ तास धरले तरी पावणेदहाला डोळा लागायला हवा, म्हणजे सव्वानऊला फोन बाजूला. या वयात शरीराचं घड्याळच उशिराकडे सरकतं, त्यामुळे रात्री झोप न येणं आणि सकाळी न उठवणं हा निव्वळ आळस नसतो. म्हणून तर नियम लागतो. मग म्हणायचं असं: ‘ग्रुपवर सगळे दहानंतरच बोलतात, तू नसलीस की चुकल्यासारखं वाटतं, कळतं मला. पण सकाळी एसटीत तू उभ्याने झोपतेस. फोन सव्वानऊला माजघरात चार्जिंगला लागेल. शनिवारी किती वाजता, ते तू सांग.’ आणि आईचा, बाबांचा फोनही त्याच बोर्डाला. हे न केल्यास नियम दोन आठवड्यांत मोडतो, आणि मोडायलाच हवा.

अभ्यास सोपवण्याचे आठ आठवडे

एकाच विषयापासून सुरू करा. सर्वांत कच्चा नको, तिथे अपयश लगेच येतं. सर्वांत पक्का नको, तिथे शिकायला काही नाही. मधला घ्या.

रविवारी वीस मिनिटं बसायचं, घड्याळ लावून. आठवड्याचं नियोजन मुलाने स्वतःच्या अक्षरात लिहायचं. पालकाला तीनच प्रश्नांची मुभा: काय करायचं ठरवलंयस? अडथळा कुठे येईल? माझी मदत कशात हवी? दुरुस्ती सुचवायची नाही, नियोजन उघडउघड फसणार असं दिसलं तरी. दिवसाला पाच तास लिहिले तर लिहू द्या. पुढच्या रविवारी ते स्वतःच दीडवर येतं, आणि तो दीड तास त्याचा असतो.

एकच गोष्ट मात्र शिकवा: ‘उद्या गणित करीन’ याला नियोजन म्हणत नाहीत. पीटर गोलविट्झर यांनी दाखवलेली ‘अमुक झालं की तमुक करीन’ ही बांधणी साध्या निश्चयापेक्षा जास्त पाळली जाते. ‘दिवेलागणीनंतर चहा झाला की ओटीवर बसून गणित भाग १ चा एक सरावसंच.’ सोबत अडथळ्याचंही वाक्य हवं: ‘लाइट गेली तर पाठांतराचं काम काढीन, गणित सकाळी.’ जून ते सप्टेंबर हे दुसरं वाक्य नसेल तर पहिल्याचा काही उपयोग नाही.

पहिले दोन आठवडे रोज पाच मिनिटं विचारपूस, वेळ मुलाने ठरवलेली. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दिवसाआड. पाचव्या-सहाव्यात फक्त रविवारी. सातव्या-आठव्यात तुम्ही विचारायचंच नाही. रविवारी बसायचं की नाही हे मूल सांगेल. ते टिकलं की दुसरा विषय.

साधारण दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात अभ्यास कमी होतो. बाहेरचा रेटा काढला आणि आतला अजून तयार नाही, तेवढी पोकळी राहते. बहुतेक घरांत प्रयोग इथेच मोडतो: ‘बघितलंस? सूट दिली की हे असं!’ एवढ्या एका वाक्याने आधीचे तीन आठवडे पाण्यात जातात. त्यावर उपाय म्हणून सुरुवातीलाच दोघांनी मिळून एक रेघ ठरवा: वीस मार्कांच्या चाचणीत दहाच्या खाली आलं तर एक पायरी मागे, म्हणजे आठवड्याऐवजी दिवसाआड विचारपूस. पूर्ण ताबा परत घ्यायचा नाही, आणि मागे येणं म्हणजे शिक्षा नाही हे आधीच बोलून ठेवायचं.

बक्षीस आणि शाबासकी

‘नव्वद टक्के आण, फोन देतो.’ लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांच्या १९७३ च्या प्रयोगात चित्रं काढायची आवड असलेल्या लहान मुलांना आधी कबूल करून बक्षीस दिलं, तर पुढे ती मुलं आपणहून चित्रं कमी काढू लागली. न सांगता नंतर दिलेल्या बक्षिसाने असं झालं नाही. म्हणजे परीक्षा संपल्यावर सगळ्यांनी मिळून मालवणला जेवायला जाणं चालेल, सौदा नको. मुळातच कंटाळवाण्या कामाला, उदाहरणार्थ वह्यांना कव्हरं घालायला, छोटं आमिष दाखवलं तर बिघडत नाही. तिथे मारायला गोडीच नसते.

मुंबईहून येणारा फोन, आणि गणपती

वडील मुंबईत असतील तर त्यांचं पालकत्व रात्रीच्या व्हिडिओ कॉलवर चालतं, आणि दहा मिनिटांत सगळं बसवायचं म्हणून पहिलाच प्रश्न ‘अभ्यास झाला का?’ मूल ‘हो’ म्हणतं. दुसरं काय म्हणणार? तीनपैकी दोन कॉलमध्ये अभ्यासाचा विषय काढायचा नाही, असं वडिलांनी स्वतःवर बंधन घालावं. क्रिकेट, कुत्रा, मासळी काय आणली, काहीही चालेल. आईने ‘थांब, बाबांना सांगते’ हे हत्यार वापरणं त्याच दिवशी थांबवावं. नाहीतर फोन वाजला की पोटात गोळा येतो.

चाकरमानी गणपतीला आले की आरतीनंतर ओटीवर मार्कांची चौकशी होतेच. वडिलांनी आल्या दिवशी वही तपासायला घेऊ नये. आठ आठवड्यांची घडी एका दुपारात विस्कटते. नातेवाइकांना उत्तर द्यायचं काम आईवडिलांचं: ‘त्याचं तो सांगेल हो, त्यालाच विचारा.’ मग त्याला सांगायचं नसेल तर विषय बदलण्याची जबाबदारीही तुमची.

शिमग्याचं वेगळं. पालखी आणि दहावीचे पेपर अनेकदा मागेपुढे येतात. ‘यंदा पालखी नाही’ असं फर्मान काढलं तर मूल पुस्तकासमोर बसतं आणि कान ढोलाकडे लावतं. त्याऐवजी पेपरांचं वेळापत्रक पुढ्यात ठेवा आणि किती वेळ, कोणत्या दिवशी, हे त्याला मांडू द्या.

मुलींच्या बाबतीत एक जास्तीची नोंद. बाहेर जाण्यावरची बंधनं त्यांना अधिक असतात आणि कारण क्वचितच सांगितलं जातं. कारण रस्त्याचं, शेवटच्या एसटीचं असेल तर तसं सांगा. ‘लोक काय म्हणतील’ हे कारण मुली पटवून घेत नाहीत, फक्त गप्प बसतात.

इथे थांबा

मूल आठवडाभर धड झोपत-जेवत नसेल, शाळा टाळत असेल, पैसे लावून ऑनलाइन खेळत असेल किंवा मरणाची भाषा करत असेल, तर सोपवण्याचा कार्यक्रम बाजूला ठेवा. टेली-मानस १४४१६ आणि चाइल्डलाइन १०९८ हे फोन मोफत आहेत. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय विचारा.

मे महिन्याची तालीम

दहावीनंतरच्या सुट्टीत दोन आठवडे वसतिगृहासारखे घालवा, घरातच. गजर त्याचा, कपडे धुणं त्याचं, अकरावीचा ऑनलाइन अर्ज आणि कॉलेजांचा पसंतीक्रम भरणं त्याचं. २०२५ पासून हे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झालेत, तेव्हा शेजारी बसा पण माऊस हातात घेऊ नका. आठवड्याची रक्कम सोमवारी एकदाच द्या: रिचार्ज, एसटी, खाऊ सगळं त्यात. गुरुवारी पैसे संपले तर भर घालू नका आणि व्याख्यानही देऊ नका. कुठे गेले ते त्याने लिहून काढायचं, आणि पुढच्या सोमवारी रक्कम तीच.