डिझेल पिकअपची टेस्ट ड्राइव्ह कशी घ्यावी

डेन्व्हरच्या आसपास राहणाऱ्या आमच्या मराठी मंडळींपैकी कुणी कॅम्पिंगचा ट्रेलर घेतला, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "आता डिझेल पिकअप घेऊ का?" मी गाडी बघायला सोबत जातो, पण एका अटीवर. शोरूमजवळच्या सपाट रस्त्यावर दहा मिनिटांची चक्कर मारून सौदा करायचा नाही. डिझेल इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स यांचं एकमेकांशी किती जमतं, हे अगदी हळू चालवताना आणि उतारावर कळतं. सिग्नल सुटल्यावर दामटून काहीच कळत नाही.

हे सगळं अमेरिकेतल्या हलक्या, म्हणजे 'हाफ टन' वर्गातल्या तीन लिटर डिझेल पिकअपबद्दल आहे. रॅम १५०० इकोडिझेल २०१४ च्या मॉडेलपासून निघाली आणि २०२३ मध्ये बंद झाली. फोर्ड एफ-१५० मध्ये डिझेल २०१८ ते २०२१ एवढंच टिकलं. त्यामुळे या दोन्ही आता वापरलेल्याच मिळतात. शेव्हरोले सिल्व्हराडो आणि तिची जुळी बहीण जीएमसी सिएरा यांत ड्युरामॅक्स नावाचं तीन लिटरचं डिझेल इंजिन २०२० च्या मॉडेलपासून येतं.

१. इंजिन थंड असतानाच गाठा

आदल्या दिवशी फोन करून सांगा, मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर आधी बॉनेटवर तळहात ठेवा. गरम लागलं, तर दुसऱ्या दिवशी या. डिझेलचं दुखणं पहिल्या अर्ध्या मिनिटात ऐकू येतं आणि गरम इंजिन ते झाकून टाकतं. थोडी टकटक असणारच, पण ती एकसारखी हवी आणि हळूहळू कमी होत गेली पाहिजे.

२. पार्किंगमध्येच गिअरची सवय करा

या पायरीला पंधरा मिनिटं द्या. लोक नेमकी हीच गाळतात.

प्रत्येक कंपनीने गिअरचा दांडा वेगळ्या जागी नेला आहे. रॅममध्ये दांडाच नाही. स्टिअरिंगच्या उजवीकडे डॅशबोर्डवर गोल खटका आहे, रेडिओच्या बटणासारखा फिरवायचा. सिल्व्हराडोच्या काही मॉडेलांत दांडा स्टिअरिंगच्या दांडीवर, काहींत दोन सीटच्या मध्ये. २०२१ च्या एफ-१५० मध्ये बटण दाबलं की आडवा होऊन खाली जाणारा दांडाही मिळायचा, म्हणजे मधल्या जागेवर कागद ठेवून लिहिता येतं.

ब्रेकवर पाय घट्ट ठेवा आणि समोर बघत, हाताकडे न बघता, 'पी'वरून 'आर', मग 'डी', परत 'पी' असं वीस वेळा करा. जुन्या दांड्याला मनगटाची ओळख असायची. तो कुठे आहे त्यावरून गिअर कळायचा. गोल खटका सगळीकडे सारखाच लागतो, फक्त टिक टिक मोजायची. एकदा अशाच एका गाडीत मी खटका 'पी'पर्यंत फिरवला असं समजून पाय उचलला. तो 'आर'वर थांबला होता. गाडी हातभर मागे गेली, तेवढ्यात ब्रेक सापडला. मागे कुणी उभं नव्हतं म्हणून निभावलं. तेव्हापासून माझा क्रम पक्का आहे: पूर्ण थांबायचं, पार्किंग ब्रेक लावायचा, 'पी' टाकायचा, स्क्रीनवर 'पी' अक्षर डोळ्यांनी बघायचं, मगच पाय उचलायचा.

ही भीती उगाच नाही. २०१६ मध्ये फिआट क्रायस्लरने ११ लाखांहून जास्त सेडान आणि एसयूव्ही परत बोलावल्या. त्यांचा इलेक्ट्रॉनिक दांडा सोडला की दर वेळी मधल्या जागी यायचा आणि गाडी 'पी'त गेली असं समजून लोक खाली उतरायचे.

३. चालण्याच्या वेगाने चालवा

ॲक्सिलरेटरला पाय न लावता फक्त ब्रेक सोडा. गाडी धक्का न देता सरकायला हवी. मग ताशी १५ ते २५ मैलांत, गल्लीतून, थांबत-थांबत चालवा. सिल्व्हराडो आणि एफ-१५० मध्ये दहा गिअर आहेत, रॅममध्ये आठ. इतके गिअर असले की हळू वेगात गिअरबॉक्स कधीकधी गोंधळतो: तिसरा टाकू की चौथा? सीटखाली बारीक ठोका बसतो. एखादा चालतो. प्रत्येक चौकात बसत असेल तर ती गाडी नको.

याच वेगात डिझेलची खरी गंमत आहे. पहिल्या तीन लिटर ड्युरामॅक्सचा ४६० पाउंड-फूट टॉर्क (ओढण्याचा जोर), म्हणजे साधारण ६२४ न्यूटन-मीटर, १५०० आरपीएमलाच, म्हणजे इंजिनच्या मिनिटाला १५०० फेऱ्यांनाच मिळतो. छोट्या चढावर पाय जरासा दाबून बघा. चांगला गिअरबॉक्स खालचा गिअर न टाकता इंजिनला ओढू देतो, आरपीएमचा काटा जेमतेम हलतो आणि गाडी शांतपणे वर जाते. पेट्रोलची सवय असलेल्याला हे पहिल्यांदा जाणवतं तेव्हा तो हसतोच.

४. घाट उतरा

हायवेवर फार वेळ घालवू नका, तिथे सगळ्याच चांगल्या वाटतात. आम्ही डेन्व्हरहून आय-७० हायवेने डोंगरातल्या आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत जातो, ११,००० फुटांच्या वर. इतक्या विरळ हवेत साधं पेट्रोल इंजिन धापा टाकतं, टर्बो डिझेल बरंच टिकून राहतं. पण मला बघायचा असतो बोगद्यापलीकडचा सिल्व्हरथॉर्नचा उतार.

'टो-हॉल', म्हणजे ट्रेलर ओढतानाचा मोड चालू करा. ब्रेक एकदा ठामपणे दाबून वेग कमी करा आणि सोडा. गिअरबॉक्सने आपणहून खालचा गिअर टाकून गाडी इंजिनवर धरून ठेवली पाहिजे. काटा वर जाईल, आवाज वाढेल, घाबरू नका, तेच हवं आहे. ब्रेक सतत दाबावा लागत असेल तर हाताने गिअर खाली घ्या आणि ते किती सहज जमतं ते बघा. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उताराचे अपघात ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना उतारावर गिअर का हवा आणि न्यूट्रल का नको, हे वेगळं सांगायला नको.

५. उतरल्यावर दोन प्रश्न

पहिला स्वतःला: माझं रोजचं अंतर किती? पाच-सात मैलांच्याच फेऱ्या असतील तर धुराच्या फिल्टरमधली काजळी जळायला इंजिन पुरेसा वेळ तापत नाही. अशा घरात मी डिझेल घेऊ देत नाही.

दुसरा विकणाऱ्याला. वापरलेली २०२० ते २०२२ ची ड्युरामॅक्स असेल, तर ऑइल पंपाचा पट्टा बदलल्याचा कागद मागा. तो दीड लाख मैलांवर बदलायचा असतो आणि इंजिनच्या मागच्या अंगाला आहे, म्हणजे गिअरबॉक्स उतरवावा लागतो. गाडी त्या आकड्याजवळ आली असेल आणि कागद नसेल, तर त्या कामाचं कोटेशन आधी घ्या, ते किमतीतून वजा करा आणि मग बोलायला बसा.