दूरचा सर्व्हर आणि सामायिक साठवण: या चुका टाळा

बेळगावच्या उद्यमबागेत कारखाना, निपाणीत दुसरे कार्यालय आणि खानापुरात घरून काम करणारा हिशेबनीस, अशा विखुरलेल्या व्यवसायासाठी लिनक्स सर्व्हर सोयीचा असतो. तो समोरच्या टेबलावर असेपर्यंत चूक झाली तरी पडदा आणि कीबोर्ड जोडून निस्तरता येते. तोच 70-75 किलोमीटरवर असला की चुकलेल्या एका ओळीपायी अख्खा दिवस जातो. माझा असा एक दिवस गेला आहे. बेळगावात बसून निपाणीच्या सर्व्हरवर फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारी भिंत, सुरू केला, पण एसएसएचच्या (दूरच्या यंत्रात सुरक्षितपणे शिरून आज्ञा देण्याच्या सोयीच्या) पोर्ट 22 ला, म्हणजे तिच्या दाराला, परवानगी देणारा नियम त्याआधी लिहायचा राहून गेला. चालू असलेली जोडणी तशीच टिकून राहिल्याने सारे ठीक वाटले. ती बंद केल्यावर मात्र पुन्हा आत जाता येईना, आणि दुसऱ्या दिवशी भर पावसात पहिली बस धरावी लागली.

म्हणून नियम आधी लिहावा आणि फायरवॉल नंतर सुरू करावा. एसएसएचच्या मांडणीत बदल केल्यास सेवा पुन्हा सुरू करण्यापूर्वी 'एसएसएचडी -टी' या आज्ञेने फाइल तपासून घ्यावी, जुनी खिडकी उघडीच ठेवावी आणि दुसऱ्या खिडकीतून नव्याने प्रवेश मिळतो याची खात्री झाल्यावरच पहिली बंद करावी. पासवर्डने होणारा प्रवेश बंद करण्याआधी किल्लीने, म्हणजे पासवर्डऐवजी ओळख पटवणाऱ्या फाइलींच्या जोडीने, प्रवेश होतो का, हेही याच पद्धतीने पाहावे.

किल्ली असूनही सर्व्हर पासवर्डच मागत राहतो, ही तक्रार सर्वाधिक येते आणि सर्वाधिक गोंधळातही टाकते, कारण नकाराचे कारण सर्व्हर बाहेर सांगत नाही. ते त्याच्या नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्ये, सापडते. बहुतेक वेळा दोष परवानग्यांचा असतो. 'डॉट एसएसएच' फोल्डरची परवानगी 700 आणि त्यातील, मान्य किल्ल्यांची यादी असलेल्या ऑथराइज्ड कीज फाइलची 600 असावी, म्हणजे मालकाखेरीज कोणालाही मुभा नसावी. शिवाय वापरकर्त्याच्या होम फोल्डरमध्ये इतरांना लिहिण्याची मुभा असली, तरीही एसएसएच किल्ली नाकारतो. वैतागून सगळ्यावर 777, म्हणजे सर्वांना सर्व मुभा, चालवणारे पुष्कळ असतात, आणि त्याने नेमका हाच दोष वाढतो. आपल्या संगणकावरील खाजगी किल्ली इतरांना वाचता येत असेल, तर आपलाच एसएसएच ती वापरायला नकार देतो.

सर्व्हरची ओळख बदलल्याचा इशारा आला, तर आपल्या संगणकावरील त्याची जुनी नोंद सवयीने पुसू नये. सर्व्हरवर लिनक्स नव्याने बसवले असल्यास हा इशारा अपेक्षितच असतो, तरीही तिथल्या माणसाला फोन करून सर्व्हरच्या किल्लीचा ठसा, म्हणजे तिची ओळख पटवणारा छोटा संकेत, पडताळावा. पावसाळ्यात जोडणी वारंवार तुटत असेल, तर लांबणारे काम टीमक्समध्ये, म्हणजे जोडणी तुटली तरी सर्व्हरवरचे काम चालू ठेवणाऱ्या साधनात, चालवावे.

आता साठवणीकडे येऊ. एनएफएस ही एका यंत्रावरचे फोल्डर इतर यंत्रांना वापरू देणारी पद्धत आहे. कोणत्या यंत्राला काय मुभा, हे लिहिलेल्या तिच्या एक्स्पोर्ट्स फाइलमध्ये यंत्राचे नाव आणि कंस यांच्यात चुकून एक रिकामी जागा पडली, तर कंसातील लिहिण्याची परवानगी त्या यंत्राला न मिळता साऱ्या जगाला मिळते. इतक्या छोट्या चुकीची इतकी मोठी शिक्षा मी दुसरीकडे पाहिलेली नाही. दुसरी गोष्ट अशी की नेहमीच्या मांडणीत एनएफएस वापरकर्त्याचे नाव नव्हे, तर क्रमांक पाहतो. एकच कर्मचारी एका यंत्रावर 1001 आणि दुसऱ्यावर 1002 असेल, तर स्वतःच्याच फाइलवर तो परका ठरतो. वीज जाऊन परत आल्यावर दोन्ही यंत्रे एकदम सुरू होतात आणि साठवणीचे यंत्र मागे राहिले, तर दुसरे अडकून पडू शकते. त्यासाठी, सुरू होताना कोणती साठवण जोडायची हे लिहिलेल्या एफएसटॅब फाइलमध्ये 'नोफेल' (न जुळल्यास अडून राहू नको) लिहावे.

ग्लस्टरसारख्या वितरित, म्हणजे अनेक यंत्रांत प्रती ठेवणाऱ्या, साठवणीत केवळ दोन प्रती ठेवणे धोक्याचे आहे. बेळगाव आणि निपाणी यांच्यातील दुवा तुटला आणि दोन्हीकडे एकाच फाइलमध्ये बदल झाले, तर खरी प्रत कोणती हे ठरवणारे कोणी उरत नाही. तिसरी प्रत किंवा किमान निवाडा करणारे तिसरे यंत्र हवे. सेफ या दुसऱ्या वितरित साठवणीत तीन प्रती हा मूळ पर्याय असतो, मॉनिटर, म्हणजे साठवणीच्या स्थितीवर लक्ष ठेवणारे प्रोग्राम, विषम संख्येत ठेवणे उचित असते आणि त्यांच्या घड्याळांत 0.05 सेकंदाहून अधिक फरक पडला की इशारा येतो. दोन कार्यालयांच्या व्यवसायाने या वाटेला जाऊच नये, असे माझे मत आहे. रात्री आरसिंक या फाइलींची नक्कल करणाऱ्या साधनाने घेतलेली प्रत पुरते. वितरित साठवणीत एका ठिकाणी पुसलेली फाइल सर्व प्रतींतून पुसली जाते, त्यामुळे बॅकअप तरीही वेगळाच घ्यावा लागतो.

आपल्या भागात एक जादा अडचण येते. बिलाच्या फाइलला मराठी आणि कन्नड दोन्ही लिप्यांत नाव देण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. लिनक्सच्या ईएक्सटी4 या डिस्कवर फाइली ठेवण्याच्या पद्धतीत नावाची मर्यादा 255 बाइटची असते आणि यूटीएफ-8 या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत या दोन्ही लिप्यांचे प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेते. काना, मात्रा आणि हलन्तही त्यात वेगळे मोजले जातात. म्हणजे जेमतेम 85 चिन्हे मिळतात. ग्राहकाचे पूर्ण नाव दोन्ही भाषांत लिहिलेली फाइल एखाद्या रात्री आरसिंकने मागे टाकली, तर त्यामागे हे कारण असू शकते.