फोटो आणि लोकेशन : कोणत्या अ‍ॅपला किती परवानगी द्यावी

हर्णैपासून तारकर्लीपर्यंत घरगुती निवासाची सोय करणारे आणि हापूसच्या पेट्या थेट गिऱ्हाइकाला पाठवणारे अनेक जण आता बराचसा व्यवहार मोबाइलवर करतात. त्यासाठी घेतलेले अ‍ॅप फोटो आणि लोकेशन अशा दोन परवानग्या मागते. त्या वेगळ्या दिसल्या, तरी फोटोंबरोबर लोकेशनही जाऊ शकते, म्हणून आधी फोटोंकडे पाहावे.

कॅमेऱ्यात लोकेशनची नोंद चालू असेल, तर प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये तारीख-वेळेबरोबर अक्षांश-रेखांशही साठतात आणि पूर्ण गॅलरीची परवानगी मिळालेल्या अ‍ॅपला ते वाचता येऊ शकतात. पाहुण्यांना वाट सापडावी म्हणून निवासाचा पत्ता आपण स्वतःच जाहीर करतो, ते ठीकच आहे. पण गणपती-शिमग्यापुरत्या उघडणाऱ्या चाकरमान्याच्या घराचा ठावठिकाणा असा फुकट वाटण्याचे कारण नाही. त्यासाठी कॅमेऱ्याच्या सेटिंग्जमध्ये ही नोंद बंद करावी. आयफोनमध्ये लोकेशनच्या यादीत कॅमेऱ्यापुढे ‘कधीही नाही’ हा पर्याय निवडावा. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोतून ही माहिती काढून टाकली जाते, परंतु तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवल्यास ती टिकून राहते.

अ‍ॅपने फोटो मागितले, तर पूर्ण गॅलरी न देता निवडक फोटो द्यावेत. ही सोय आयफोनवर आयओएस १४ पासून (२०२०) आणि अँड्रॉइडवर चौदाव्या आवृत्तीपासून (२०२३) आहे.

लोकेशनबाबत अ‍ॅपचे काम पाहावे. नकाशाला अचूक ठिकाण लागते, मात्र तेही ‘अ‍ॅप वापरत असतानाच’ पुरते. हवामानाच्या अ‍ॅपला अंदाजे ठिकाण पुरते, कारण दापोलीच्या एका आळीत पाऊस आणि दुसरीत ऊन असा हिशेब ते तरी कुठे देते? अँड्रॉइड १२ पासून (२०२१) अचूक आणि अंदाजे हे पर्याय परवानगी मागतानाच दिसतात. ‘नेहमी’ ही परवानगी मात्र घरच्यांना आपला ठावठिकाणा सतत कळवणाऱ्या अ‍ॅपखेरीज सहसा कोणाला देऊ नये. घाटात रेंज गेली की लोकेशनही थांबते, हा समज चुकीचा आहे. जीपीएस उपग्रहांवर चालते, त्यामुळे नोंद होत राहते आणि रेंज आल्यावर ती पाठवता येते.

आधी दिलेल्या परवानग्या सेटिंग्जमधील ‘गोपनीयता’ या विभागात पाहून काढून घेता येतात. मात्र अ‍ॅपच्या सर्व्हरवर पोहोचलेले फोटो त्यामुळे पुसले जात नाहीत. ते त्या अ‍ॅपमधील खात्यात जाऊन वेगळे काढावे लागतात.