घरी सरावाला डिजिटल पियानो घेताय? या चुका टाळा

आमच्या वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या घरी आजोबांच्या वेळेपासून हार्मोनियम आहे, म्हणून लेकीसाठी पियानो घ्यायचा ठरलं तेव्हा मला वाटलं पट्ट्या त्या पट्ट्याच, त्यात काय बघायचं. दुकानात 61 पट्ट्यांचा कीबोर्ड दाखवला, शेकडो आवाज, तबल्या-ढोलाचे रिदम, सगळे खूश होऊन घेऊन आलो. सहा महिन्यांनी ती पियानो शिकवणाऱ्या मॅडमकडच्या खऱ्या पियानोवर बसली आणि तिचे अर्धे सूर उमटलेच नाहीत, करंगळीत जोरच नव्हता.

कारण साधं आहे. हार्मोनियमला जोर भात्याचा असतो, पट्टीने नुसती हवेची वाट उघडायची. पियानोत पट्टी किती वेगाने खाली जाते त्यावर आवाज लहान-मोठा होतो, आणि तिला वजन असतं, खर्जाकडे जड, वर हलकं. म्हणून 88 पट्ट्या आणि हॅमर अ‍ॅक्शन (पट्टीमागे खऱ्या पियानोसारखी हातोडीची रचना) बघा. बॉक्सवर नुसतं 'टच सेन्सिटिव्ह' (दाबण्याच्या वेगाप्रमाणे आवाज) लिहिलंय म्हणजे वजन आहे असं नाही, आणि सेमी-वेटेड, म्हणजे थोडंसंच वजन दिलेल्या पट्ट्या, म्हणजेही हॅमर नाही. दुकानात पियानो बंद ठेवून डावीकडची शेवटची आणि उजवीकडची शेवटची पट्टी दाबून बघा, मग चालू करून एकच सूर जितका हळू वाजवता येईल तितका वाजवा. रिदम नंतर ऐका, किंवा नका ऐकू.

यामाहा पी-145, कॅसिओ सीडीपी-एस110, रोलँड एफपी-10 हे तिन्ही हॅमरवाले आणि त्यातल्या त्यात परवडणारे, वजन साधारण साडेदहा ते सव्वाबारा किलो. बजेट अगदीच नसेल तर सुरुवातीच्या धड्यांना 61 चालतात, पण बदलावा लागणार हे धरूनच घ्या.

जागा आधी टेपने मोजा. आम्ही कपाट आणि खिडकीमधली जागा नजरेनेच धरली होती, मोजली तर 125 सेंटिमीटर निघाली, आणि यामाहा-कॅसिओ लांबीला 132 च्या आसपास. पुढून मागे जागा मात्र कमी लागते, कॅसिओ 23 सेंटिमीटरच आहे. स्टँडवर पैसे वाचवू नका, स्वस्त एक्स स्टँड (फुलीसारख्या पायांचा) जोरात वाजवलं की डोलतो आणि गुडघेही अडकतात.

आता 'बिघडला' म्हणून दुकानात नेण्याआधी हे बघा. स्पीकर गप्प असेल तर हेडफोनची पिन किंवा तिचा अडॅप्टर मागे खोचलेला राहिलाय का. पेडल उलटं चालतंय, म्हणजे पाय उचलला की सूर लांबतोय, तर पुष्कळदा चालू करताना पाय पेडलवर असतो, बंद करून पाय बाजूला ठेवून परत चालू करा. आणि घरात कोणी काळी दोनमध्ये गात असेल तर ट्रान्सपोज (सगळे सूर वर-खाली सरकवायची सोय) लावून तसंच राहतं, मग दुसऱ्या दिवशी मुलगी वाजवते ते मॅडमच्या सुरात बसत नाही आणि बिचारी स्वतःचे कान चुकलेत समजते.

नवरात्रात बाहेर गरबा सुरू असताना हेडफोन लागतोच, तो वायरचाच घ्या. ब्लूटूथवर पट्टी दाबल्यानंतर सूर थोडा उशिरा येतो आणि लय हातातून जाते.