फेस आधी, पाय नंतर: स्लाइस जात असेल तर फरशीपासून सुरू करा

रविवारी सकाळी गोल्फच्या सराव रेंजवर मागं उभं राहून नुसतं बघा. माणूस येतो, पाय रोवतो, गुडघे वाकवतो, दोन्ही हातांनी क्लब घट्ट आवळतो, कंबर दोनदा हलवून झाली की सगळ्यात शेवटी क्लबहेड बॉलमागं टेकवतो. फेस, म्हणजे क्लबहेडची बॉलला लागणारी बाजू, कुठं बघतेय याची चौकशी शून्य. मी स्वतः कित्येक वर्षं हेच करत होतो, त्यामुळं हसत नाहीये.

स्लाइस काय असतो ते ज्याला लागलाय त्याला सांगायला नको. बॉल निघतो झकास, आणि मग मध्येच काहीतरी घरी विसरल्यासारखा उजवीकडं वळतो (हे सगळं उजव्या हातानं खेळणाऱ्यांसाठी, डावखुऱ्यांनी उलटं वाचा). बॉल निघतो कुठल्या दिशेला हे मुख्यतः इम्पॅक्टला, म्हणजे क्लब बॉलला लागतो त्या क्षणी, फेस कुठं बघत होता त्यावर ठरतं, आणि हवेत वळतो किती ते फेस आणि स्विंगचा रस्ता यांच्यातल्या फरकावर. म्हणजे ॲड्रेसला (स्विंगआधी क्लब बॉलमागं टेकवून उभं राहतो तेव्हा) फेस सरळ ठेवला की स्लाइस संपला असं नाही, पण तिथंच तो उघडा, म्हणजे टार्गेटच्या उजवीकडं बघणारा, असेल तर स्विंगमध्ये मनगटांनी तो वेळेवर बंद करत बसावं लागतं, आणि ते रोज जमत नाही हो.

उघडा म्हणजे किती? आयर्नची (पातळ, धातूच्या हेडचा क्लब) खालची धार, लीडिंग एज, साधारण साडेसात सेंटिमीटर धरा. ३ अंश उघडा फेस म्हणजे टोकाकडं (हेडची आपल्यापासून लांबची बाजू) जेमतेम ४ मिलिमीटरचा फरक, तांदळाच्या दाण्याएवढा पण नाही. आणि तेवढ्यानं २०० यार्डांवर फेसची दिशा साडेदहा यार्ड चुकते, वर बॉलचं वळण वेगळं. उभ्या माणसाला खाली बघून ४ मिलिमीटर कुठले दिसतायत.

मला ते दाखवलं येरवड्याच्या कोर्सवर एका म्हाताऱ्या कॅडीनं (खेळाडूची बॅग उचलणारा मदतनीस). वाकला, क्लबहेडच्या टोकाला एक बोट लावलं, एवढंसं पुढं सरकवलं आणि म्हणाला, "साहेब, आता मारा." मी म्हटलं अहो हा तर चक्क बंद दिसतोय, बॉल डावीकडच्या झाडांत जाईल. तो म्हणाला, "तुम्हाला वाकडं बघायची सवय झालीय." हे अगदी खरंय, बरीच वर्षं उघडा फेस बघितला की सरळ फेस डोळ्याला बंद वाटतो. म्हणून डोळ्यावर भरवसा ठेवायचा नाही, मोजायचं.

मोजायला घरातली फरशी एक नंबर. टाइल्सचा एक सांधा टार्गेटची रेघ समजा, त्याला काटकोनात छेदणारा दुसरा सांधा असतोच, लीडिंग एज त्या आडव्या सांध्यावर तंतोतंत बसवा. घरात गवंडीकामाचा गुण्या असेल तर तोही चालतो. मग उभे राहा आणि वरून ते चित्र नीट डोळ्यात भरून घ्या. रोज पाच मिनिटं, आठवडाभर. (स्विंग करायचा नाही. वर पंखा आहे.)

आयर्नला एक गंमत आहे. बरेच जण खालची धार सोडून वरची कड सरळ करतात. पण टोकाची बाजू उंच असते आणि लॉफ्टमुळं (फेसचा मागं कललेला कोन) ती मागं झुकलेली असते, त्यामुळं वरची कड सरळ दिसली की फेस प्रत्यक्षात बंद झालेला असतो आणि बॉल डावीकडं. मग हा भाऊ ड्रायव्हरला (सगळ्यात लांब मारायचा क्लब) घाबरून फेस उघडतो. आयर्न डावीकडं, ड्रायव्हर उजवीकडं, आणि सगळा दोष स्विंगला.

ड्रायव्हरचा फेस मुळात थोडा फुगीर, त्यामुळं त्याची धार बघून फसायला होतं. तिथं फेसवरच्या मधल्या रेघा किंवा वरची खूण बघा. काही ड्रायव्हर जमिनीवर टेकवले की तळाच्या आकारामुळं आपोआप थोडे उघडे बसतात. पाना लावून लॉफ्ट बदलता येणारा असेल तर लॉफ्ट वाढवला की फेस किंचित बंद बसतो, कमी केला की उघडा. लांब जावा म्हणून लॉफ्ट कमी करून घेतलेल्यांनी जरा विचार करा.

आता कोर्सवर. बॉलच्या मागं उभं राहून टार्गेट बघा आणि त्या रेघेवर बॉलच्या पुढं एक-दोन फुटांवर काहीतरी पकडा, वाळकं पान, जुना डिव्हट (क्लबनं उखडलेलं गवत), काहीही. अमेरिकेचा दिग्गज गोल्फर जॅक निकलाउस हेच करायचा, २५० यार्डांवरच्या झाडापेक्षा दोन फुटांवरच्या पानाकडं फेस लावणं सोपं. मग फक्त उजव्या हातात क्लब सैल धरून फेस त्या पानाकडं लावा. मग पाय. ग्रिप सगळ्यात शेवटी, आणि ती घेताना क्लब फिरू द्यायचा नाही. इथंच घोळ होतो. हवेत उघड्या फेसनं ग्रिप घट्ट करायची आणि मग मनगटं पिळून फेस सरळ दाखवायचा, हे चालत नाही, स्विंगमध्ये मनगटं सुटून आपल्या जागी येतात आणि फेस परत उघडा. डाव्या हाताच्या दोन बोटांच्या मुळाची हाडं तरी वरून दिसली पाहिजेत.

खात्री करायची असेल तर ग्रिप न हलवता क्लब समोर कंबरेपर्यंत उचला. लीडिंग एज घड्याळाचा काटा समजा, १२ वाजलेले दिसले पाहिजेत, १ वाजलेला दिसला तर उघडा, सोडा आणि परत धरा. ड्रायव्हरला हात फार पुढं, डाव्या मांडीकडं, ढकलू नका, त्यानंही फेस उघडतो.

आणि स्लाइस जातो म्हणून डावीकडं तोंड करून उभं राहणं आधी बंद करा, त्यानं स्विंग अजून बाहेरून आत (बॉलच्या पलीकडून आपल्याकडं) येतो आणि बॉल अजून वळतो.

पंधरा-वीस बॉल मारून झाले की निघतो कुठून ते बघा. सरळ उजवीकडंच निघून अजून उजवीकडं वळतोय तर फेस अजूनही उघडा, परत फरशीवर. डावीकडं निघून उजवीकडं वळतोय तर फेसला शिव्या देऊ नका, तुमचा स्विंगचा रस्ता बाहेरून आत येतोय आणि त्याला फरशीवर औषध नाही, तिथं कोच गाठा.